बिननावाच्या दगडाचा चंद्र

शेजारच्या गोखले वहिनी परवा चकल्यांचा डबा घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "वर्ष झालं ना आता? यंदा कंदील लावा हो." त्यांचा हेतू चांगला होता. तो नेहमीच चांगला असतो, म्हणून त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. मी चकल्या घेतल्या, बघते म्हटलं, आणि दार लावून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. समोरच्या इमारतीत मजल्यामजल्यावर कंदील लागले होते. बहुतेक प्लास्टिकचे, आपोआप रंग बदलणारे. एकावर तर चक्क नगरसेवकाचा फोटो. आमच्या बाल्कनीतला हूक तेवढा मोकळा होता.

भाऊबीज ते त्रिपुरी पौर्णिमा हा पंधरवडा मला सोसत नाही. सण संपलेला असतो आणि गेलेला नसतो. डब्याच्या तळाशी चिवड्यातला तिखटमिठाचा चुरा उरतो, उटण्याची पुडी न्हाणीघरात ओली होऊन पडलेली असते, दारातली रांगोळी कोणाच्या तरी चपलेनं फरफटलेली असते. दुपारी ऊन चटके देतं आणि दिवेलागणीला अंगावर शहारा यावा इतपत गारवा सुटतो. त्याच वेळी कारखान्यांच्या बाजूनं तो आंबूस वास खाली उतरतो आणि रस्त्यावरच्या दिव्यांभोवती पिवळट होऊन बसतो. या दिवसांत आकाश निरभ्र असतं असं पुस्तकात लिहिलेलं असतं. डोंबिवलीत पाऊस थांबला की आकाश दिसायला लागतं, एवढंच म्हणता येईल. तेवढ्या आकाशावर अरविंदनं आयुष्य काढलं.

अरविंद माझा नवरा. कॉलेजात आम्ही एकाच वर्गात होतो, त्यामुळे लग्नानंतरही मी त्याला अरे-तुरेच करत राहिले. सासूबाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही. आम्हा दोघांनाही फिजिक्स शिकवलं ते ठाण्याच्या बर्वे सरांनी. माझ्या डोक्यात त्यातलं काही राहिलं नाही आणि त्याच्या डोक्यातून काही गेलं नाही. नोकरी मात्र त्याला मिळाली इथल्या औद्योगिक वसाहतीत, कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात. घरी यायचा तेव्हा नखांच्या कडेला निळं नाहीतर तांबडं काहीतरी असायचंच. आंघोळ करून गच्चीवर जायचा, दुर्बिणीला डोळा लावायचा आणि कारखान्यांनी आकाश कसं नासवलं यावर बोलायला लागायचा. मी म्हणायचे, अरे, त्यातला थोडा धूर तुझाच आहे. तो म्हणायचा, म्हणूनच तर मला ओळखू येतो.

लघुग्रहांना चंद्र असतात हे त्यानं मला मटार सोलता सोलता सांगितलं. मंगळ आणि गुरू यांच्या मधे दगडांचा मोठा पसारा आहे. काही डोंगराएवढे, काही आपल्या तालुक्याएवढे, पण इतके लांब की दुर्बिणीतूनही धड दिसत नाहीत. असा एखादा दगड फिरता फिरता एखाद्या ताऱ्याच्या नेमका पुढ्यात आला की तारा काही क्षण झाकला जातो, आणि मग पुन्हा हजर होतो. त्यानं मटाराचा एक दाणा चिमटीत धरला आणि देवघरातला बारीक दिवा आणि माझा डोळा यांच्या मधून सरकवला. मग मिसळणाच्या डब्यातली मोहरी बोटाच्या टोकावर घेतली आणि मटाराच्या मागोमाग नेली. "हा त्याचा चंद्र," तो म्हणाला. "दगड गेला की तारा एकदा झाकला जाईल. मागून हा गेला की पुन्हा एकदा, पापणी लवावी एवढाच. तेवढ्यावरून कळतं की दगड एकटा नाही."

तो ज्या दगडाबद्दल बोलत होता त्याला नावसुद्धा नव्हतं, नुसता आकडा होता. मी म्हटलं, ज्याला स्वतःच्या नावाची पाटी नाही त्याला पोटभाडेकरू कशाला हवा? त्यावर तो इतका हसला की मोहरी ओट्यावर सांडली. तेव्हापासून आमच्या घरात त्या चंद्राला पोटभाडेकरूच म्हणायचे. असे बरेच चंद्र सापडले होते म्हणे, पण सगळे दुसऱ्यांना, दूरदेशीच्या डोंगरांवर, स्वच्छ हवेत. आपल्या गच्चीवरून आपल्या डोळ्यांनी एक तरी गोष्ट जगात पहिल्यांदा बघायची, एवढंच त्याला हवं होतं. दुसऱ्या कशाबद्दल त्यानं कधी हट्ट केल्याचं मला आठवत नाही.

हे काम एकट्याच्या गच्चीवरून होत नाही. त्या दगडाची सावली जमिनीवरून सरकत जाते, माळावरून ढगाची सावली जाते तशी. मोठ्या दगडाची पट्टी रुंद आणि चंद्राची अगदी चिंचोळी. चिंचोळी पट्टी कोणाच्या डोक्यावरून जाईल हे आधी कळत नाही, म्हणून माणसं वेगवेगळ्या गावांत दुर्बिणी लावून बसतात. ठाण्यात नौपाड्याला बर्वे सर बसायचे, डोंबिवलीत अरविंद, आणि मधे दिवा गावात सुवर्णा. सुवर्णा एका दवाखान्यात नर्स होती, सरांच्या रविवारच्या आकाशदर्शनाच्या वर्गाला येता येता या नादाला लागली होती. कॅमेरे वगैरे आमच्याकडे नव्हते. एका मोबाईलवर अचूक वेळेची टिकटिक लावायची, दुसऱ्यावर सगळा आवाज रेकॉर्ड करायचा, आणि तारा झाकला की "बंद" म्हणायचं, उघडला की "चालू". हे शब्द अरविंदचे होते, कारखान्यातल्या व्हॉल्व्हवरून आलेले. ठाण्यातही सर तेच म्हणायला लागले होते.

एका वर्षी ती वेळ आली भाऊबिजेनंतर तीन दिवसांनी, पांडवपंचमीला, दिवेलागण होऊन थोड्या वेळानं.

आमच्या इमारतीचा मोठा कंदील दरवर्षी अरविंद करायचा. बाजारचा त्याला चालायचा नाही. सांगाड्याच्या कामट्या आवळायच्या, पतंगाचा कागद खळीनं चिकटवायचा आणि खाली वीतभर रुंद, लांबच लांब शेपट्या सोडायच्या. त्यासाठी आमचा सगळा हॉल आठवडाभर अडलेला असायचा. गच्चीत पाण्याच्या टाकीला बांधलेल्या बांबूवर तो कंदील चढला की त्रिपुरी पौर्णिमेनंतरच उतरायचा. हा माणूस सोवळं मानत नव्हता, मुहूर्त मानत नव्हता, दुर्बीण त्यानं अमावास्येला घरी आणली होती. पण कंदील पौर्णिमेआधी काढायचा नाही. सासूबाई सांगायच्या की कार्तिकातला आकाशदिवा पितरांना वाट दिसावी म्हणून असतो, मधेच काढला तर ते अर्ध्या वाटेत राहतात. आईची एवढी एकच गोष्ट त्यानं निमूट मानली.

तारा अश्विनीच्या थोडा खाली होता, गच्चीवरून बघितलं तर टाकीच्या अंगाला. दुसरीकडून बघायची सोय नव्हती, कारण नव्या टॉवरचे दिवे डोळ्यांत घुसायचे. दुर्बिणीचे तीन पाय कुठे ठेवायचे त्या जागी अरविंदनं पांढऱ्या ऑइलपेंटचे तीन ठिपके काढून ठेवले होते. सेक्रेटरी स्वतःहून वर आले आणि कंदील खाली घेऊ का म्हणून विचारून गेले. अरविंद म्हणाला, नको, दिवा तेवढा बंद करा. त्यांनी दिवा बंद केला. कंदील वर राहिला.

मी शाल पांघरून बाजूला बसले होते. खालून फटाके, कोणाच्या तरी कुकरची शिट्टी, मोबाईलची टिकटिक. मग अरविंदचा आवाज, अगदी सपाट. "बंद." मी श्वास धरून बसले. "चालू." आणि मग मी श्वास सोडणार तोच, जवळजवळ एका शब्दात, "बंद चालू." त्यानंतर बराच वेळ तो हलला नाही, कारण वेळ संपेपर्यंत डोळा काढायचा नाही असा नियम. वेळ संपल्यावर उठला आणि अंधारात माझा हात शोधून घट्ट धरला. "नीला," तो म्हणाला, "पोटभाडेकरू."

त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात आनंदाची वेळ होती, लग्न धरूनसुद्धा. मला त्याचा राग नाही.

सरांना ठाण्यातून एकदाच बंद-चालू दिसलं होतं. त्यात वावगं काही नव्हतं. चिंचोळी पट्टी तिकडून जायलाच हवी असं नाही. मग सगळं दिवा गावातल्या सुवर्णावर आलं. सुवर्णाची गच्ची आमच्यापासून जवळ, पट्टी आमच्यावरून गेली असेल तर बहुतेक तिच्यावरूनही गेलेली. अरविंदनं फोन स्पीकरवर लावला. ती म्हणाली, "काका, पहिलं बघितलं मी. मग खालून ओरडले, टँकर आला. चार दिवस पाणी नव्हतं हो. हंडे घेऊन खाली पळालेले मी." अरविंद म्हणाला, बरोबर केलंस, आणि पाणी मिळालं का ते विचारलं. मिळालं होतं. आकाशातल्या दगडाला कोणी तरी चंद्र शोधत असताना पाण्यासाठी धावावं लागतं अशा ठिकाणी आम्ही राहतो, त्याला सुवर्णा काय करणार.

तरीही एक साक्ष होती. सर फोनवर इतके खूश होते की त्यांना खोकला आला. एकाच गच्चीची असली तरी अशा नोंदी जमवणाऱ्या संस्थेकडे पाठवू, म्हणाले, कोणी तरी पुढच्या वेळी नीट बघेल. मग जेवणं झाल्यावर अरविंदनं ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, आनंदानं, मला ऐकवायला. फटाके, कुकर, टिकटिक, बंद, चालू. आणि दुसऱ्या "बंद"च्या किंचित आधी एक आवाज होता. सळसळ. कागदाची.

त्यानं ते परत लावलं. मग पुन्हा एकदा. वाऱ्याची झुळूक आली होती आणि कंदिलाच्या शेपट्या हलल्या होत्या. अंधारात, दिवा बंद असताना, शेपटी दुर्बिणीसमोरून गेली असती तर दिसली नसती. दुर्बिणीचं भिंग बशीएवढं, शेपटी वीतभर. शेजारी दुसरा तारा दिसत असता तर तोही त्याच क्षणी झाकला गेला का हे कळलं असतं. पण आमच्या धुरकटात दुर्बिणीच्या चौकटीत तो एकटाच तारा उरला होता. अरविंद उठला आणि त्यानं सरांना फोन लावला. मी म्हटलं, "कोणी विचारलंय तुला?" तो म्हणाला, "मला ऐकू आलं ना."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्या वर्गातल्या आवाजात म्हणाले की मग हे धरता येणार नाही, शंकास्पद म्हणून बाजूला ठेवू. त्यांचंही बरोबर होतं. त्या दिवशी सगळ्यांचंच बरोबर होतं, सेक्रेटरींचं, सुवर्णाचं, सरांचं, अरविंदचं. मला आजही कोणाच्या तरी नावानं बोटं मोडायची असतात आणि कोणी सापडत नाही.

पुढे जे झालं त्याला घटना म्हणता येत नाही. अरविंदला काचबिंदू निघाला. निघाला म्हणजे बराच आधीपासून होता, कळला उशिरा. तो कडेनं येतो आणि आत आत सरकतो. आधी त्याला दाराची चौकट लागायला लागली, मग ताटाच्या डाव्या बाजूची चटणी दिसेनाशी झाली. नजर अरुंद होत होत नळीएवढी झाली तेव्हा तो म्हणाला, आता मला दुर्बिणीची गरज नाही, सगळं तसंच दिसतं. मी हसले नाही म्हणून तो रुसला. थेंब घालायचे, तपासायला जायचं, पुन्हा थेंब घालायचे, आणि तरी दर दिवाळीला त्याच्या कंदिलाच्या कडा थोड्या जास्त वाकड्या. एका वर्षी त्यानं कामट्या हातात घेतल्या, बराच वेळ बोटांनी चाचपल्या आणि परत ठेवून दिल्या. त्या वर्षी सोसायटीनं प्लास्टिकचा कंदील आणला आणि तो फाटकावर लावला.

तो चंद्राबद्दल बोलत नसे. पण या पंधरवड्यात संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या हमखास विचारायचा, "वारा सुटला का गं?" मी आपली भांडी विसळता विसळता सांगायचे, सुटलाय, नाहीतर आज पानही हलत नाही. मला वाटायचं, उकडत असेल.

नंतरच्या एका कार्तिकात सरांचा फोन आला. तोच दगड, दुसरा तारा, पुन्हा आपल्यावरून. अशी वेळ एका गावाला दोनदा येत नाही सहसा. अरविंदला तेव्हा उजेड आणि अंधार यापलीकडे काही उरलं नव्हतं. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "तू बघशील?"

मग मी या वयात अभ्यासाला बसले. तो टीव्हीच्या खालच्या लाल दिव्यासमोर जमिनीवर बसायचा, दिवा बोटानं चाचपून घ्यायचा, आणि मी समोरच्या भिंतीला टेकून त्या ठिपक्याकडे टक लावायचे. तो तळहातानं दिवा झाकायचा, मी म्हणायचे बंद. हात काढला की चालू. कधी तो मला चकवायला मधेच बोट झर्रकन फिरवायचा. मी चुकले की त्याला माझ्या आवाजावरूनच कळायचं. पापणी कशी धरून ठेवायची, डोळ्यात पाणी आलं तर ते गळू द्यायचं पण मिटायचं नाही, हे त्यानं मला घोटून घोटून शिकवलं. आमचं लग्न झालं तेव्हासुद्धा आम्ही एकमेकांकडे इतकं लक्ष दिलं नव्हतं. शेवटी शेवटी मी एकही चुकत नव्हते, आणि तो प्रत्येक वेळी म्हणायचा, पुन्हा.

त्या संध्याकाळी गच्चीवर कंदील नव्हता. वारा नव्हता. दिव्याला पाणी आलेलं होतं आणि सुवर्णा आपल्या जागेवर होती. तीन पांढऱ्या ठिपक्यांवर दुर्बीण, स्टुलावर मी, आणि माझ्या शेजारी पालथ्या बादलीवर अरविंद, दोन्ही मोबाईल मांडीवर घेऊन. मी तारा धरला. टिकटिक चालू होती. मी म्हटलं, बंद. त्याचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. मी म्हटलं, चालू.

मग मी बघत राहिले. आयुष्यात कशाकडे इतकं बघितलं नाही. तारा होता. तारा नुसता होता. डोळ्यातून पाणी गालावर आलं, हनुवटीवरून शालीवर पडलं, पण मी पापणी हलू दिली नाही. एक शब्द म्हणायचा होता, बंद चालू, आणि तो माणूस सुखानं जगला असता. मला तो शब्द जिभेवर जाणवत होता. वेळ संपली.

"दुसऱ्यांदा?" त्यानं विचारलं.

"नाही रे."

"पापणी?"

"नाही लवली."

त्यानं मांडीवरचे मोबाईल चाचपून बंद केले आणि म्हणाला, "मग एकदाच म्हणून कळव." सुवर्णाला एकदाच दिसलं होतं. सरांनाही एकदाच. सरांनी समजावलं की यानं काही सिद्ध होत नाही; चंद्र दगडाभोवती फिरतो, या वेळी तो भलत्याच बाजूला असेल, त्याची सावली समुद्रात पडली असेल. अरविंद हो सर, हो सर म्हणत राहिला. त्याला हे सरांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. होही नाही, नाहीही नाही, काहीच नाही. लोक म्हणतात, निदान आशा राहते. आशा म्हणजे काय असते हे त्यांनी माझ्या घरात येऊन बघायला हवं होतं. ती एका खुर्चीत बसलेली असते, तिला दिसत नाही, आणि ती वारा सुटला का विचारते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्याला न्यूमोनिया झाला आणि त्यातच तो गेला. त्या वर्षी अर्थातच कंदील नाही, फराळ नाही. शेजाऱ्यांनी डबे आणून दिले. मी ते खाल्ले. भूक लागते, याची मला लाज वाटली नाही, नुसता कंटाळा आला.

तर परवा गोखले वहिनी गेल्यावर मी माळ्यावर चढले. जुना एखादा सांगाडा असेल, निदान त्यांच्या समाधानापुरता लावू, असा विचार. अरविंद दर वर्षी तोच सांगाडा पुसून त्यावर नवा कागद चढवायचा, सांगाडा टाकायचा नाही. माळ्यावर मला सांगाडा नाही सापडला, कंदील सापडला. जुन्या चादरीत गुंडाळलेला, कागदासकट. पांढरा आणि निळा. मला रंग आठवत होते. शेपट्या नीट घडी घालून, टाचण्या लावून ठेवलेल्या. त्या पांडवपंचमीचा कंदील. त्या वर्षानंतर त्यानं सांगाडा नवा का बांधला होता हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी माळ्याच्या शिडीवरच बसून राहिले. तो कंदील पुन्हा त्याच बांबूवर चढवायला काय लागलं असतं? दुर्बीण त्या तीन ठिपक्यांवर ठेवायची आणि झुळकीची वाट बघायची. शेपटी ताऱ्यासमोर येते की नाही, एका संध्याकाळचं काम. दोन-तीन वर्षं तरी त्याला त्यापुरतं दिसत होतं. त्यानं पुरावा जपून ठेवला, चादरीत गुंडाळून, आणि तपासला नाही. खुर्चीत बसून वारा सुटला का विचारत राहिला. सगळ्यांना खरं सांगणारा माणूस, इथे त्याचा धीर झाला नाही. मला त्याची इतकी दया आली की मला चीड आली. मग वाटलं, मीच बघते. कोणी तरी बघायला हवं. आता दुखायला कोण आहे?

तारे तारखेला बांधलेले असतात, तिथीला नाहीत. त्या तारखेला, त्याच वेळी, तोच तारा त्याच जागी असतो. यंदा तारीख आणि पांडवपंचमी दोन्ही एकाच दिवशी आल्या, असं क्वचितच होतं. मी वॉचमनला सांगून बांबू बांधून घेतला आणि कंदील चढवला. खाली गोखले वहिनी भेटल्या, फार बरं केलंत म्हणाल्या. दिवेलागणीला दुर्बीण वर नेली. ठिपके अजून आहेत, एकाचा पापुद्रा निघालाय. सेक्रेटरी आता नवे आहेत, ते म्हणाले इमारत पाडायची बोलणी पक्की झालीयेत, पुढच्या दिवाळीला ही गच्चीच नसेल. मी म्हटलं, मला आजचीच हवी आहे.

तारा सापडायला वेळ लागला नाही. धूर तेव्हापेक्षा जास्त, पण तो होता, एकटाच, चौकटीत दुसरं कोणी नाही. वारा अगदी मंद होता, शेपट्या जेमतेम हलत होत्या. खाली फटाके, कोणाचा तरी कुकर. मी पापणी धरून ठेवली. बराच वेळ तारा होता तसा होता, आणि मला वाटायला लागलं की शेपटी तिथवर पोहोचतच नाही. पोटभाडेकरू खरा होता. अरविंदला पहिल्यांदा दिसला होता, जगात पहिल्यांदा, या ठिपक्यांवरून. आता ठाण्याला फोन करायचा, सुवर्णाला करायचा, एवढं मी मनात ठरवूनही टाकलं.

मग खाडीच्या बाजूनं झुळूक आली. कागद सळसळला.

बंद चालू.

मी ते मोठ्यानं म्हटलं, सवयीनं. रेकॉर्डिंग मला पाठ आहे. तेवढंच अंतर होतं, सळसळ आणि मग तेवढ्यातच. पुन्हा झुळूक आली. पुन्हा बंद चालू. मी बघत राहिले आणि त्यानं शिकवलेल्या अचूकपणानं प्रत्येक वेळी म्हणत राहिले, आणि प्रत्येक वेळी तो चंद्र थोडा थोडा नाहीसा होत गेला. यावरून तो नव्हताच असं सिद्ध होत नाही. अरविंद असता तर त्यानं हेच सांगितलं असतं, न्यायानं, सपाट आवाजात. पण तो नाही, आणि मला माझीच खोटी समजूत घालता येत नाही.

खाली येऊन मी बर्वे सरांना फोन केला. आता ते फारसे उठत नाहीत, त्यांची सून फोन कानाशी धरते. मी सगळं सांगितलं, कंदील कुठे होता, दुर्बीण कुठे, झुळूक कुठून आली. इतक्या वर्षांत त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली होती, पुरावा काय. मी पुरावा दिला.

"कशाला बघायला गेलीस, नीला?" सर म्हणाले.

कंदील अजून वर आहे. पौर्णिमेआधी उतरवायचा नाही म्हणून आहे. दिवा मी लावलेला नाही.